दुसऱ्या अंकाचा वाचक : भारतीय भाषांतील नव्या नियतकालिकांची वाचकघडण

१. प्रश्नाची मांडणी

नव्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकाला वाचक मिळतोच. संपादकाचे स्नेही, त्याच्या विचारांशी सहमत असणारे, तसेच विरोधकही तो अंक कुतूहलाने हाती घेतात. खरी कसोटी दुसऱ्या अंकापासून लागते. कुतूहल एकदाच भागते. त्यानंतर वाचकाने पुन्हा का यावे, याचे उत्तर संपादकाला अंकाच्या मजकुरातून द्यावे लागते. हे उत्तर कोणत्या स्वरूपाचे होते, ते कोणाला उद्देशून होते आणि त्यामुळे कोणते वाङ्मयप्रकार रुजले, याचा तौलनिक विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आपल्या वाङ्मयेतिहासांत नियतकालिकांचे स्थान बहुधा कालक्रमाच्या नोंदीपुरते असते. अमुक साली अमुक पत्र निघाले, अमुक साली बंद पडले, एवढे सांगून इतिहासकार ग्रंथांकडे वळतो. वाचक कसा मिळाला हा प्रश्न व्यवहाराचा, म्हणून वाङ्मयाबाहेरचा, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. निबंध, कादंबरी आणि अनावृत पत्र हे आधुनिक भारतीय भाषांतील तीन महत्त्वाचे प्रकार नियतकालिकांच्या आश्रयाने वाढले, आणि त्यांच्या घडणीत वाचकाला परत आणण्याच्या गरजेचा मोठा वाटा आहे, असे मला वाटते.

२. वाचक असूनही न पोहोचलेले पत्र

आरंभ एका अपयशापासून करणे सोयीचे ठरेल. ३० मे १८२६ रोजी कोलकात्यात पंडित जुगलकिशोर शुक्ल यांनी ‘उदन्त मार्तण्ड’ हे हिंदीतील पहिले साप्ताहिक सुरू केले. ७९ अंकांनंतर, १८२७च्या डिसेंबरात, ते बंद पडले. हिंदी वाचणारे लोक नव्हते, असे याचे कारण देता येत नाही. ते होते, परंतु त्यांतील बहुसंख्य कोलकात्यापासून शेकडो मैल दूर, पश्चिमेकडील प्रदेशांत राहत होते. त्यांच्यापर्यंत अंक टपालाने पाठवावा लागे, आणि टपालखर्चात सवलत मिळावी ही शुक्लांची विनंती सरकारने मान्य केली नाही. छापखाना एका ठिकाणी आणि भाषा दुसऱ्या ठिकाणी, अशी ही विषम स्थिती होती.

याच्या उलट उदाहरण मुंबईचे आहे. फर्दुनजी मर्झबान यांनी १ जुलै १८२२ रोजी सुरू केलेले गुजराती ‘मुंबई समाचार’ आजही चालू आहे. त्याचा आरंभीचा वाचक हा मुख्यतः व्यापारी होता. जहाजांची ये-जा, मालाचे भाव, मालमत्तेची खरेदी-विक्री या माहितीची त्याला सतत गरज असे आणि ती दर आठवड्याला बदलत असे. हा वाचक छापखान्यापासून जवळच राहत होता. परत येण्याचे कारण त्याच्या धंद्यातच होते. संपादकाला ते निर्माण करावे लागले नाही.

ही दोन पत्रे शेजारी ठेवली म्हणजे दोन गोष्टी स्पष्ट होतात. वाचक असणे आणि वाचक आवाक्यात असणे यांत अंतर आहे, ही पहिली. ज्या संपादकाकडे भाव आणि जहाजे यांसारखा आपोआप शिळा होणारा मजकूर नव्हता, त्याला परत येण्याचे कारण लेखनातूनच घडवावे लागले, ही दुसरी. वाङ्मयाच्या अभ्यासकाचा संबंध मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीशी आहे.

३. दोन रकाने आणि शंभर पत्रे

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले तेव्हा मराठी वृत्तपत्र वाचण्याची सवय असलेला वर्ग अस्तित्वातच नव्हता. पाक्षिक म्हणून निघालेले हे पत्र त्याच वर्षी साप्ताहिक झाले. त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारच्या रकान्यांत छापला जाई. या मांडणीचे स्पष्टीकरण बहुधा संपादकाच्या प्रबोधनपर हेतूने केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु वाचकाच्या बाजूने पाहिले तर तीत आणखी एक अर्थ दिसतो. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या तरुणाला हे पत्र प्रत्येक अंकागणिक एका पाठासारखे उपयोगी पडू शकत होते, आणि एतद्देशीयांचे मत जाणू इच्छिणाऱ्या इंग्रजालाही त्यात प्रवेश होता. एकाच पानावर दोन निरनिराळे वाचक, दोन निरनिराळ्या गरजांपोटी, एकत्र आणले गेले होते. तरीही ‘दर्पण’ १८४० साली थांबले. त्याच वर्षी जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले, आणि त्यात ज्ञानविषयांना प्राधान्य दिले.

‘दर्पणा’त वाचकांचा पत्रव्यवहार छापला जात असे. या रकान्याचे वाङ्मयीन सामर्थ्य पुढील दशकात प्रकट झाले. भाऊ महाजन यांनी १८४१ साली सुरू केलेल्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात १८४८पासून गोपाळ हरि देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहिली. १८५०पर्यंत ती १०८ झाली, आणि ‘शतपत्रे’ या नावाने आज ती ग्रंथरूपात वाचली जातात. ग्रंथात वाचताना त्यांतील पुनरुक्ती खटकते. एकच मुद्दा पुन्हा येतो, एकच दोष पुन्हा दाखवला जातो. मूळ ठिकाणी, आठवड्याच्या अंतराने वाचताना, हीच पुनरुक्ती वाचकाला धरून ठेवणारी असली पाहिजे. मागील पत्राने दुखावलेला वाचक पुढील पत्रात माघार आहे की नाही हे पाहण्यासाठी येतो. त्याला माघार दिसत नाही, आणि म्हणून तो पुन्हा येतो. वाद हे परत येण्याचे सबळ कारण आहे, हे मराठी पत्रसृष्टीला येथे उमगले. पत्र या प्रकाराची दुसरी सोय अशी की ते वाचकाला थेट संबोधते. आपल्याशी कोणी बोलत आहे, ही जाणीव निबंधापेक्षा पत्रातून अधिक लवकर होते.

४. एकट्याचे नियतकालिक

२५ जानेवारी १८७४ रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले, आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एकट्या चिपळूणकरांचा होता. बातमी नाही, लेखकांचे मंडळ नाही, संस्थेचा आधार नाही. तरीही मासिक चालले. येथे वाचकाचे परत येणे विषयावर अवलंबून नव्हते, कारण विषय दर वेळी बदलत. मराठी भाषेची स्थिती, इतिहास, अनुकरण, वक्तृत्व, डॉक्टर जॉन्सन अशा परस्परांशी संबंध नसलेल्या विषयांना जोडणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे लिहिणाऱ्याचा स्वर. ‘मालाकार’ या उल्लेखातून हा स्वर एका व्यक्तिरेखेचे रूप घेतो. वाचक त्या व्यक्तिरेखेला ओळखू लागतो, पुढील प्रश्नावर ती काय म्हणेल याचा अंदाज बांधू लागतो.

इंग्रजी निबंधपरंपरेशी चिपळूणकरांचा संबंध आपल्याकडे प्रभावाच्या भाषेत सांगितला जातो. प्रभावाबरोबरच समान गरजेकडेही लक्ष दिले पाहिजे. १७११-१२ साली लंडनमध्ये ॲडिसन आणि स्टील यांनी ‘स्पेक्टेटर’ काढले तेव्हा त्यांनीही एका कल्पित, मितभाषी निरीक्षकाच्या तोंडून बोलण्याची योजना केली. अंक रोज निघे, विषय रोज बदले. वाचकाला ओळखीचा वाटे तो बोलणारा. मराठी आणि इंग्रजी निबंधातील साम्य केवळ अनुकरणातून आले असे मानण्याऐवजी, ठरावीक मुदतीने लिहिणाऱ्या एकट्या लेखकापुढे उभ्या राहणाऱ्या अडचणीचे ते समान उत्तर आहे, असेही म्हणता येईल.

या उत्तराची किंमतही नमूद केली पाहिजे. ‘निबंधमाले’चा स्वर जितका ठाम तितका तो आपला आणि परका वाचक यांच्यात रेषा ओढणारा होता. चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांवर याच मासिकातून उपहासपर टीका केली. उपहासाला दाद देणारा वाचक त्यामुळे अधिक घट्ट बांधला गेला असेल; परंतु ज्यांच्यावर तो उपहास होता त्यांना या मासिकात जागा उरली नाही. वाचक मिळवण्याचे प्रत्येक साधन कोणाला तरी वगळते. हे वगळणे हाही वाचकघडणीचाच भाग आहे, आणि त्याचा हिशेब मांडल्याशिवाय यशाचा हिशेब पुरा होत नाही.

५. अपुरी ठेवलेली गोष्ट

१८७२ साली बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांनी ‘बंगदर्शन’ सुरू केले. सुशिक्षित बंगाली मनुष्य बंगाली वाचत नाही, ही त्यांची अडचण होती. तिच्यावर त्यांनी योजलेल्या उपायांतील सर्वांत परिणामकारक उपाय पहिल्याच अंकात दिसतो. ‘विषवृक्ष’ ही कादंबरी त्या अंकापासून क्रमशः सुरू झाली. त्या काळी रवींद्रनाथ लहान होते. महिना संपण्याची वाट पाहणे आणि त्यानंतर घरातील वडीलधाऱ्यांचे वाचून होईपर्यंत थांबणे कसे असह्य होई, हे त्यांनी ‘जीवनस्मृती’त सांगितले आहे. या आठवणीतून दोन गोष्टी कळतात. एक, वाट पाहणे हा वाचनाचाच भाग झाला होता. दोन, एक अंक घरात अनेकांच्या हातून जात होता.

मराठीत हे काम हरि नारायण आपट्यांच्या ‘करमणूक’ या साप्ताहिकाने केले. १८९० साली ते निघाले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमुना स्वतःच्या आयुष्याची कहाणी स्वतः सांगते, हे या कादंबरीचे तंत्र सर्वपरिचित आहे. या तंत्राचा साप्ताहिकाशी असलेला संबंध मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. एखादी बाई दर आठवड्याला येऊन थोडे सांगते आणि उठून जाते, अशी ही रचना आहे. तपशिलांची रेलचेल, मध्येच थांबणे, मागील प्रसंगाची आठवण करून देणे, ‘ते पुढे सांगेन’ अशा धर्तीची आश्वासने, या सर्वांना बैठकीच्या कथनाचे रूप आहे. पुस्तकात पसरट वाटणारी कादंबरी साप्ताहिकात आपल्या जागी होती.

आठवड्याची ही प्रतीक्षा विसाव्या शतकातही ओसरली नाही. तमिळमध्ये कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही ऐतिहासिक कादंबरी १९५० ते १९५४ या काळात ‘कल्कि’ साप्ताहिकातून क्रमशः आली. अनेक कुटुंबांनी तिची पाने अंकांतून वेगळी काढून बांधून ठेवली. संपादकाच्या दृष्टीने क्रमशः कादंबरी हे वाचकाला परत आणण्याचे साधन होते; वाचकाने तिला जपून ठेवण्याचा ग्रंथ केले. बंगाली, मराठी आणि तमिळ या तीन भाषांतील कादंबरीच्या इतिहासांत ‘विस्तार’ हा दोष म्हणून जेथे जेथे नोंदवला गेला आहे, तेथे तो मजकूर प्रथम कोठे आणि किती अंतराने छापला गेला, हे आधी पाहिले पाहिजे.

परत येण्याचे आणखी एक कारण पंचांगाने पुरवले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली सुरू केलेल्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली मराठीतील पहिला दिवाळी अंक काढला. मित्र हे मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याच्या प्रेमापोटी त्यांनी ‘मित्र’ हे आडनाव घेतले होते. दिवाळी अंकाने वाचनाला सणाच्या रूढीत स्थान मिळवून दिले. एरवी मासिक न घेणारी कुटुंबेही फराळ आणि आकाशकंदील यांच्याबरोबर एखादा अंक घरी आणू लागली. हा वाचक वर्षातून एकदाच येतो. परंतु तो नियमाने येतो, आणि ही प्रथा शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

६. वर्गणीदार आणि ऐकणारा

येथवरची उदाहरणे अक्षरओळख असलेल्या आणि वर्गणी भरू शकणाऱ्या वर्गाची आहेत. हा विचार येथेच थांबवला तर तो अपुरा राहील. ज्या संपादकाचा अपेक्षित वाचक वाचू शकत नव्हता, त्याने काय केले?

‘स्पेक्टेटर’च्या दहाव्या अंकात ॲडिसनने रोज खपणाऱ्या तीन हजार प्रतींमागे प्रत्येकी वीस वाचक धरले आणि साठ हजारांचा अंदाज केला. हा आकडा अभिमानाचा असला तरी त्यामागील तत्त्व खरे आहे : वर्गणीदारांची संख्या आणि वाचकसंख्या एक नसते. आपल्याकडे हे तत्त्व अधिक लागू पडते, कारण येथे पोथी, पुराण आणि कीर्तन यांच्यामुळे ऐकून ग्रहण करण्याची परंपरा दृढ होती. मुकुंदराव पाटील यांनी १९१०पासून अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यातून ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक विचारांचे पत्र चालवले, आणि १९६७ साली मृत्यू येईपर्यंत ते त्याच्याशी निगडित राहिले. शहरातील छापखान्याकडून खेड्याकडे जाण्याचा नेहमीचा मार्ग त्यांनी उलटा केला. तरवडीसारख्या गावातूनच पत्र निघू लागले. ‘उदन्त मार्तण्ड’पुढे जी अडचण उभी राहिली होती तिचे हे एक उत्तर आहे : छापखानाच वाचकाजवळ नेणे. पाटलांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ हे ओवीबद्ध आहे, ही गोष्टही या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. पोथीचा छंद ओळखीचा असलेल्या श्रोत्याला नवा विचार त्याच छंदात ऐकता येतो.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. शाहू महाराजांनी त्याला आर्थिक साहाय्य दिले होते. तत्कालीन प्रस्थापित पत्रसृष्टीची दारे या उपक्रमाला बंद होती; पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, असे आंबेडकरांनी पुढे नमूद केले. म्हणजे ज्या मार्गाने नव्या पत्राची वार्ता वाचकांपर्यंत पोहोचते तो मार्गच येथे अडवला गेला होता. ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकारामांचे वचन होते, आणि १९२७ साली सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. ही निवड केवळ शोभेची मानता येत नाही. वारकरी परंपरेतील शब्द ज्याच्या कानांवर जन्मापासून पडले आहेत, त्याला या पत्रात आपल्या ओळखीचे काही आहे, हे तो शब्द वाचून दाखवताक्षणी कळते.

‘बहिष्कृत भारत’चा बहुतांश मजकूर आंबेडकरांना स्वतः लिहावा लागे. या बाबतीत त्याचे ‘निबंधमाले’शी साम्य आहे, परंतु साम्य येथेच संपते. चिपळूणकरांचा वाचक शाळा-महाविद्यालयांतून तयार होऊन आलेला होता. आंबेडकरांचा वाचक वर्गणी भरण्याइतपत सुस्थितीत नव्हता, आणि पुष्कळदा अक्षरओळखीपासूनही वंचित ठेवला गेलेला होता. दोन्ही पत्रे आर्थिक दृष्टीने अल्पायुषी ठरली. वर्गणीच्या वह्या हा एकमेव निकष मानला तर त्यांची गणना अपयशात होईल. परंतु ‘मूक’ म्हटल्या गेलेल्या समूहाला आपण वाचकसमूह आहोत ही जाणीव या पत्रांनी दिली, आणि पुढील दलित साहित्याला लाभलेला वाचक त्या जाणिवेतून आला. येथे परत येण्याचे कारण गोष्ट किंवा वाद यांपेक्षा मूलभूत होते : अन्य कोणत्याही पानावर न दिसणारे आपले जीवन येथे छापलेले दिसत होते.

७. समारोप

एक वैयक्तिक आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. १९८०च्या दशकात आम्ही काही मित्रांनी एक वाङ्मयीन अनियतकालिक काढले होते. पहिला अंक हातोहात संपला. तिसऱ्या अंकाचे गठ्ठे बरीच वर्षे एका मित्राच्या माळ्यावर पडून होते. वाचकाला अभिरुची नाही, असा निष्कर्ष आम्ही तेव्हा काढला. आज मागे वळून पाहता, दुसऱ्या अंकात आम्ही पहिल्याच अंकातील जाहीरनामा निराळ्या शब्दांत छापला होता, आणि पहिल्या अंकावर आलेल्या पत्रांपैकी एकही छापले नव्हते, हे आठवते. वाचकाने परत यावे यासाठी आम्ही कोणतेही कारण दिले नव्हते.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने या विवेचनातून काही पद्धतीविषयक सूचना निघतात. नियतकालिकांतून आलेले साहित्य शक्यतो अंकांच्या क्रमाने वाचावे. ग्रंथरूपात वगळल्या गेलेल्या गोष्टी, म्हणजे वाचकांची पत्रे, वर्गणीची स्मरणे, उशिराबद्दलच्या क्षमायाचना आणि पुढील अंकाच्या घोषणा, या संहितेचा भाग मानाव्यात. दोन भाषांतील साम्य दिसले की प्रभावाचा शोध घेण्यापूर्वी दोन्ही संपादकांपुढील अडचण एकच होती काय, हे तपासावे. आणि खपाच्या आकड्यामागे ऐकणारे किती होते, वगळले गेलेले कोण होते, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा.

नव्या पत्राकडे वाचक कसा आकर्षित करावा, या प्रश्नाला वरील संपादकांनी दिलेली उत्तरे निरनिराळी आहेत, पण त्या सर्वांनी एक गोष्ट ओळखली होती. वाचक तयार स्थितीत कोठेतरी थांबलेला नसतो. त्याची गरज, त्याचे अंतर, त्याची ऐपत आणि त्याच्या कानांवरचे शब्द समजून घेऊन लिहिणारा संपादकच त्याला अंकागणिक घडवतो. जुगलकिशोर शुक्लांना ही समज असूनही टपालखर्चाने हरवले. आम्हा मित्रांना टपालाची अडचण नव्हती, समजेचीच होती.